चिडाचीं बोंडें व त्यांचे उपयोग

गेल्या महिन्यांत नागपुराहून एका वाचक भगिनींचें पत्र आलें. बदरीकेदारची यात्रा आटोपून परततांना रस्त्याच्या कडेला पडलेलीं चिडाचीं दहा-बारा मोठीं बोंडें त्यांनीं वेंचून पिशवींत घातलीं आणि घरीं आणिलीं. गंगाजलाच्या गडव्याशेजारीं तो लांकडी पसारा पाहून घरची मंडळी हंसली, आणि सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या लांबून जळण वाहून आणलेंस होय?" तेव्हांपासून तीं बोंडें माळ्यावर पडून आहेत. टाकवत नाहींत, ठेवून करावयाचें काय तें कळत नाहीं, आणि बोहारीण तर त्यांकडे ढुंकूनहि पाहणार नाहीं. तरी त्यांचा कांहीं उपयोग असल्यास या सदरांतून सांगावा, अशी त्यांची विनंती आहे. प्रश्न विनोदानें विचारलेला दिसतो. परंतु मी स्वतः हाच उद्योग एकदां करून चांगला पस्तावलों असल्यामुळें उत्तर थोडें सविस्तर देणार आहें.

प्रथम वस्तु नीट ओळखूं. कोंकणच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनांत मुलें जीं लहान खडबडीत बोंडें गोळा करतात, तीं हीं नव्हत. सुरूचा वृक्ष दिसावयास पाइनसारखा असला तरी तो फुलणाऱ्या वनस्पतींच्या कुळांतला आहे. चीड हा खरा पाइन. आपल्या संस्कृत काव्यांतला 'सरल' तो हाच. हिमालयाच्या पायथ्याच्या टेकड्यांपासून सुमारें दोन हजार मीटर उंचीपर्यंतच्या उतारांवर त्याचीं वनें पसरलेलीं आहेत. कित्येक यात्रेकरू या बोंडांना देवदाराचीं फळें म्हणतात, तेंहि बरोबर नाहीं. देवदाराचें बोंड पिकलें म्हणजे त्याचे खवले झाडावरच सुटे होऊन गळतात; तें सबंध असें सहसा हातीं लागत नाहीं. चिडाचें बोंड मात्र अखंड खालीं पडतें, आणि तें चांगलें वीतभर लांब असूं शकतें. कुमाऊंत त्याला ठीटा म्हणतात, आणि चिडाच्या वाळून पडलेल्या लांब सुयांना पिरूल. हे दोन शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावे. पुढें त्यांचें काम पडणार आहे.

शास्त्रांत या बोंडाला शंकु म्हणतात. मधल्या दांड्याभोंवतीं लांकडी खवल्यांची दाट मांडणी असते, आणि प्रत्येक खवल्याच्या आंतल्या अंगास पंख असलेलीं दोन बीजें दडलेलीं असतात. परागसिंचन झाल्यापासून शंकु पिकावयास सुमारें दोन वर्षें लागतात. तोंवर तो घट्ट मिटलेला असतो. पिकून तपकिरी झाला म्हणजे उन्हाळ्याच्या कोरड्या हवेंत खवले उघडतात, बीजें वाऱ्यावर निघून जातात, आणि रिकामा शंकु पुढें केव्हां तरी खालीं पडतो. तेव्हां जमिनीवर पडलेलें उघडें बोंड म्हणजे झाडानें आपलें काम उरकून टाकून दिलेलें पात्र होय.

मला त्या वेळीं एवढें ज्ञान नव्हतें. कांहीं वर्षांपूर्वीं चैत्रांत आम्ही रानीखेतच्या बाजूस एका पहाडी कुटुंबाच्या घरीं उतरलों होतों. उघडीं बोंडें मला फुटकीं, विटकीं वाटलीं; आणि वादळानें मोडून पडलेल्या एका फांदीला जीं चकचकीत, मिटलेलीं बोंडें होतीं तीं मीं मोठ्या चोखंदळपणानें पिळून काढिलीं. घरच्या बाई पाहून हंसल्या. पण पाहुण्याला 'नको' कोणीं म्हणावें? तीं सारीं मीं ट्रंकेंत, आमच्या सौभाग्यवतींनीं वन्संसाठीं घेतलेल्या लोकरी शालीच्या घडींत, जपून ठेविलीं. पुण्यास आल्यावर ट्रंक तशीच राहिली. वैशाखांत ती उघडली तों आंत सारा अनर्थ! बोंडें उमललेलीं, पंखांचीं बीजें कपड्यांच्या घडीघडींत शिरलेलीं, आणि शालीवर राळेचे चिकट डाग. राळ साबणाला दाद देत नाहीं. माझ्या हातांची निघाली ती खोबरेल तेल चोळून. शालीची निघाली ती टर्पेंटाइनचा बोळा हलक्या हातानें फिरवून. गंमत अशी कीं टर्पेंटाइन हें चिडाच्या राळेपासूनच काढतात. शालीचा वास दसऱ्यापर्यंत गेला नाहीं, आणि त्या शालीचा उल्लेख आमच्या घरांतून अजून गेलेला नाहीं.

त्या बीजांपैकीं पांच-सहा मीं कुंडींत पेरलीं. दोन उगवलीं, हिरव्या सुयांचा बारीक झुबका डोक्यावर घेऊन बोटभर वाढलीं, आणि आषाढाच्या ओलीनें कुजून गेलीं. रानीखेतच्या उतारावर जीं कदाचित् रुजलीं असतीं तीं पुण्याच्या कुंडींत मेलीं, हें मला शालीपेक्षां अधिक लागलें.

मोठ्या बोंडांचा मोह मजपेक्षां थोरांनाहि पडलेला आहे. स्कॉटलंडचा वनस्पतिसंग्राहक डेव्हिड डग्लस हा अमेरिकेच्या पश्चिमेस ऑरेगनच्या अरण्यांत 'शुगर पाइन' नांवाच्या वृक्षाच्या शोधांत फिरत होता. पाइनांमध्यें सर्वांत लांब शंकु याचे. ते हातभर लांबीचेहि असतात. ऑक्टोबर १८२६ मध्यें तो वृक्ष त्याला सांपडला. पण बुंधा इतका जाड व उंच कीं चढणें अशक्य. तेव्हां त्यानें बंदुकीच्या गोळ्यांनीं शंकु पाडावयास आरंभ केला. आवाज ऐकून तेथले आठ सशस्त्र आदिवासी पुरुष आले, आणि त्यांची मुद्रा कांहीं मैत्रीची दिसेना. आपल्या रानांत एक परका मनुष्य झाडांवर गोळ्या झाडीत आहे हें पाहून त्यांना काय वाटलें असेल, याची कल्पना करावी! डग्लसनें बंदूक सरसावून त्यांना रोंखून धरिलें, मग तंबाखू देण्याच्या बोलीवर आणखी शंकु आणावयास पाठविलें, आणि ते दृष्टीआड होतांच हातीं लागलेले तीन शंकु घेऊन पळ काढिला. एवढ्या जिवावरच्या खटाटोपाची कमाई शंकु तीन!

दुसरें उदाहरण आपल्या सुक्या मेव्याच्या डब्यांतलें आहे. चिलगोजा हें एका पाइनचेंच बीज असून हिमाचल प्रदेशांतील किन्नौर भागांत त्याचीं झाडें आहेत. तेथें बीज हाच माल. त्यामुळें शंकु उघडण्यापूर्वींच उतरावा लागतो. किन्नौरच्या लोकांचा तो चरितार्थ आहे, त्यांना नांवें ठेवण्याचा आपणांस अधिकार नाहीं. परंतु जेथें झाडावरचा शंकुन् शंकु उतरला जातो तेथें जमिनीवर पडावयास बीज उरत नाहीं; जुनीं झाडें आहेत, पण त्यांच्याखालीं रोपें दिसत नाहींत, ही तेथील खरी काळजी आहे.

यावरून वेंचणाऱ्यानें तीन नियम पाळावे. पडलेलें व उघडलेलें बोंडच घ्यावें. मिटलेलें झाडाचें, उघडलेलें आपलें. दुसरें, वनांतील फळें, पानें हीं सारीं १९२७ च्या भारतीय वन कायद्याप्रमाणें वनोपज ठरतात, आणि राखीव वनांतून परवानगीवांचून तीं नेणें हा गुन्हा आहे. म्हणून उतरलों त्या घराच्या आवारांतलीं, मालकास विचारून, घ्यावीं हें उत्तम. तिसरें, दोन हातांत मावतील तेवढींच घ्यावीं. आमच्या भगिनींनीं उघडीं बोंडें घेतलीं एवढें पुण्य त्यांच्या पदरीं आहे. विचारण्याचें तेवढें पुढच्या यात्रेस सांभाळावें. घरीं आणल्यावर बोंडें झटकून, जुन्या वर्तमानपत्रावर चार दिवस कडक उन्हांत ठेवावीं, म्हणजे किडामुंगी निघून जाते आणि राळहि वाळते.

आतां उपयोग. पहिला मान स्वयंपाकघरांतल्या उपयोगाचा. एक उघडें बोंड पाण्याच्या पातेल्यांत बुडवून ठेवा. कांहीं तासांत त्याचे खवले मिटून तें गपकन् बंद होईल. उन्हांत ठेवा, पुन्हां उमलेल. यांत जीव असण्याचें कारण नाहीं. प्रत्येक खवल्याला दोन थर असतात. बाहेरचा थर ओलीनें लांबींत पुष्कळ वाढतो, आंतला फारसा वाढत नाहीं. त्यामुळें दमट हवेंत बाहेरचा थर खवल्याला दांड्याकडे लवतो, आणि कोरड्या हवेंत आकसून त्याला बाहेर ओढतो. डॉसन, व्हिन्सेंट व रोका या शास्त्रज्ञांनीं १९९७ सालीं 'नेचर' या पत्रांत या रचनेचें विवरण केलें. पुढें २०१७ सालीं एक कोटीहून अधिक वर्षांपूर्वींचे, लिग्नाइट कोळशांत सांपडलेले शंकु ओले व कोरडे करून पाहण्यांत आले. त्यांचेहि खवले हलले!

आमच्या खिडकींत असें एक बोंड दोऱ्यानें टांगलेलें आहे. आषाढ-श्रावणांत तें बरेंच मिटून असतें आणि आश्विनांत उमलतें. फाल्गुनांत पापड-कुरडयांची वाळवणें घालण्यापूर्वीं आमच्या घरांत प्रथम त्याच्याकडे पाहतात. खवले पुरे पसरलेले असले म्हणजे हवा कोरडी समजावी. मात्र हें यंत्र आतां हवा कशी आहे एवढेंच सांगतें. उद्यां पाऊस पडेल कीं नाहीं हें पंचांगाचें काम त्याजवर टाकूं नये.

दुसरा उपयोग मुलांच्या अभ्यासाचा. बोंड देंठाकडून पाहिलें तर खवल्यांच्या वळत गेलेल्या ओळी दिसतात. एका दिशेनें वळणाऱ्या ओळी खडूनें खुणा करून मोजल्या तर त्या बहुधा ८ भरतात, आणि उलट दिशेच्या १३. हे आंकडे १, २, ३, ५, ८, १३ या मालिकेंतले आहेत. प्रत्येक आंकडा मागील दोहोंची बेरीज. पश्चिमेकडे ही मालिका फिबोनाचीच्या नांवानें चालते. त्याचा ग्रंथ १२०२ सालचा. आपल्याकडे त्यापूर्वीं विरहांक व हेमचंद्र या छंदःशास्त्रकारांनीं ती मात्रावृत्तांच्या मोजणींत दिलेली आहे. लघूची एक मात्रा व गुरूच्या दोन, या हिशेबानें पांच मात्रांचा चरण ८ प्रकारांनीं बसतो आणि सहा मात्रांचा १३ प्रकारांनीं. मुलांकडून हे प्रकार पाटीवर मांडून घ्यावे व मग हातांत बोंड द्यावें. एक सुटीची दुपार आनंदांत जाईल.

किरकोळ उपयोग थोडक्यांत सांगतों. फुटकीं बोंडें मोडून कुंडीच्या मातीवर पसरलीं तर ओल टिकते. खवल्यांच्या फटींत शेंगदाण्याचा कूट व बाजरी भरून बोंड गच्चींत टांगलें तर चिमण्या-बुलबुलांची सोय होते. गणपतीच्या मखरालाहि तीं शोभतात; फक्त निरांजनापासून दूर असावींत.

हें दूर ठेवण्याचें कारण म्हणजेच सासूबाईंचा प्रश्न. बोंड हें जळण आहे, आणि फार जलद पेटणारें आहे. ज्यांच्या घरीं अजून पाण्याचा बंब आहे त्यांनीं कोळशाखालीं एक वाळलेलें बोंड घालून पाहावें. राळेमुळें रॉकेलवांचून बंब पेटतो. काजळी मात्र पुष्कळ धरते, म्हणून बंद स्वयंपाकघरांत तें जाळूं नये.

पुण्यांत जी सोय, तीच पहाडांत संकट होते. रानीखेतच्या त्या बाई रोज सकाळीं अंगणांतलें व घरामागच्या उतारावरचें पिरूल झाडून काढीत आणि ठीटे वेंचून पोत्यांत भरीत. मला वाटलें, हिंवाळ्याची बेगमी चालली आहे. तसें बोललों, तेव्हां त्यांनीं समोरच्या डोंगराकडे बोट केलें. तेथें वरपासून खालपर्यंत एक काळा पट्टा उतरलेला होता. पिरुलाची आग वरच्या दिशेनें धांवते, हें कोणासहि समजेल. पण पेटलेला ठीटा उतारावरून गडगडत खालीं येतो आणि जेथें थांबेल तेथें नवी आग लावतो. वर लागलेली आग खालच्या गांवाला अशा वाटेनें येऊन भिडते.

मेघदूतांतला यक्ष मेघाला सांगतो कीं, हिमालयांत सरल वृक्षांच्या बुंध्यांच्या घर्षणानें वणवा पेटलेला दिसला तर आपल्या धारांनीं तो विझीव. शाळेंत हें वाचतांना मला तो कविकल्पनेचा विलास वाटला होता. घर्षण असो वा नसो, आजचे बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात. परंतु सरलवनाचें आणि आगीचें नातें कालिदासानें अचूक हेरलें होतें. जून २०२४ मध्यें अल्मोड्याजवळील बिनसर अभयारण्यांत वणवा विझविण्यास गेलेल्या वनकर्मचाऱ्यांपैकीं चौघे त्याच दिवशीं आगींत सांपडून मरण पावले. मेघ वेळेवर आला नाहीं म्हणजे त्याचें काम माणसांना करावें लागतें, तें असें.

हें वाचल्यापासून माझ्या डोळ्यांपुढें त्या बाईंचें पोतें येतें. आपण एक कौतुकाची वस्तु म्हणून बोंड उचलतों. त्या घर राखण्यासाठीं उचलतात. म्हणून आमच्या नागपुरच्या भगिनींस विनंती अशी कीं, बारांपैकीं एक बोंड खिडकींत टांगावें, एक मुलांच्या हातीं द्यावें, उरलेलीं शेजारच्या मुलांस वांटावींत. आणि सासूबाईंस सांगावें कीं त्यांनीं वस्तु बरोबर ओळखली. तें जळणच आहे. पहाडांतल्या सासवा सुनांना तेंच म्हणून वेंचावयास धाडतात, आणि चैत्र-वैशाखांत त्या कामाला कोणी हंसत नाहीं.