हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

मंडळी, जरा लांब लिहिणार आहे. काहींना झोंबेल. झोंबू दे.

मागच्या शुक्रवारी, बाजाराच्या दिवशी, स्टँडच्या मागच्या रस्त्यावर आपल्याच गावातल्या एका गृहस्थांना रबर लावलेली नोटांची गड्डी सापडली. १८,६४० रुपये. त्यांनी मोजली, फोटो काढला आणि संध्याकाळच्या आरतीला जाऊन सगळे पैसे देवळाच्या दानपेटीत टाकले. रात्री गावच्या ग्रुपवर फोटोसकट पोस्ट : "देवाचं देवाला." खाली हात जोडलेल्यांची रांग. "अशी माणसं आहेत म्हणून जग चाललंय." मीसुद्धा अंगठा दिला, खोटं कशाला बोलू.

नंतर फोटो मोठा करून बघितला. नोटांच्या शेजारी घडी घातलेला एक गुलाबी कागद. मार्केट यार्डात ज्याचं जाणं-येणं आहे त्याला तो कागद लांबूनही कळतो. आडत्याची हिशोबपट्टी. तिच्यावर शेतकऱ्याचं नाव असतं, गाव असतं, वजन किती, भाव काय, हमाली-तोलाई किती कापली, हातात किती पडले, सगळं असतं. म्हणजे त्या पैशांना मालक होता आणि मालकाचा पत्ता त्याच गड्डीत होता. मी गृहस्थांना फोन केला. म्हणाले, "कागद होता खरा, पण मी काय वाचला नाही. दिला टाकून. आणि पैसे देवाला दिले ना, मी थोडेच घरी नेले?"

यार्डातल्या एका हमाल मित्राला फोटो दाखवला. कागदाचा रंग आणि वरचा छापील कोपरा बघून त्यानं गाळा सांगितला. तिथल्या दिवाणजींनी वही काढली. त्या दिवशी १८,६४० ची पट्टी एकच. दहा मिनिटांत नाव हातात. दहा मिनिटं, बस्स.

पैसे एका मावशींचे. इथून चौदा किलोमीटरवरच्या वाडीतल्या. नवरा वारलेला, दीड एकर रान, चाळीतला शेवटचा कांदा. त्यातून कृषी केंद्राची उधारी भागवायची होती. पैसे पडल्याचं कळल्यावर बाई शेवटच्या एसटीपर्यंत यार्ड ते स्टँड रस्ता धुंडाळत होत्या. ज्या वेळी आपण ग्रुपवर हात जोडत होतो, त्या वेळी त्या घरी रडत बसल्या होत्या. आणि खरी गोम पुढं आहे. कांदा आणायला पिकअप घेऊन आला होता पुतण्या. घरच्यांनी संशय घेतला त्याच्यावर. पाच दिवस दोन्ही घरांत बोलणं बंद. पोरगं एकवीस वर्षांचं, मला फोनवर एवढंच म्हणालं, "दादा, तो फोटो मला पाठवा, काकूला दाखवायचाय."

आता सांगा, देवाचं देवाला कसं झालं हे? मराठीत याला चांगला शब्दप्रयोग आहे, हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. दुसऱ्याच्या मालावर पान ठेवायचं आणि दानाचं पुण्य आपल्या खात्यावर. दान करायला आधी वस्तू आपली लागते. ते पैसे त्या गृहस्थांचे नव्हतेच, तर त्यांनी देवाला दिलं काय? मावशींचे पैसे मावशींना न विचारता दिले, एवढंच.

काही जण म्हणतील, ठेवून घेण्यापेक्षा बरं ना. ज्याचे गेले त्याच्या बाजूनं बघा. चोरानं नेले काय आणि पेटीत पडले काय, मावशींच्या हातात शून्यच. उलट चोराला रात्री झोप लागली नसती कदाचित, इथं मात्र मन कसं साफ! पैसे सापडले की मनाला एक टोचणी लागते, ती टोचणी मालक शोधायला लावण्यासाठीच असते. पेटीत टाकले की ती थांबते, आणि शोधही तिथंच थांबतो. माझा राग गृहस्थांवर कमी आणि या सोयीवर जास्त आहे. नास्तिकपणाचं लेबल लावू नका, मी दर एकादशीला त्याच देवळात असतो.

कायदा काय म्हणतो तेही सांगतो, कारण ग्रुपवर एका साहेबांनी ठणकावलं की "सापडलेल्या वस्तूला कायदा नसतो". असतो. १८६० च्या दंड संहितेत कलम ४०३ होतं, १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेत ३१४ झालं. त्यात उदाहरणं दिलीत आणि ती आपल्या बाजारात घडल्यासारखी आहेत. रस्त्यात एक रुपया पडलाय, कोणाचा ते कळायला मार्ग नाही, उचलला, तर गुन्हा नाही. पण पत्र सापडलं, आत नोट आहे आणि पत्रावरून मालक कळतोय, तरी नोट ठेवली, तर गुन्हा. किमती अंगठी सापडली आणि मालक शोधायचा प्रयत्नही न करता लगेच विकली, तरी गुन्हा. मालक शोधायला वाजवी प्रयत्न करा, खबर द्या, वाजवी काळ थांबा, असं कायदा सांगतो. शिक्षा आता किमान सहा महिने, कमाल दोन वर्षं आणि दंड. गृहस्थांवर केस करा असं मी म्हणत नाहीये, त्यांनी स्वतःच्या खिशात काही घातलं नाही, आणि गुन्हा झाला की नाही ते ठरवायला मी वकील नाही. मी म्हणतोय की पत्रातल्या नोटेच्या उदाहरणात पत्राच्या जागी हिशोबपट्टी ठेवा आणि परत वाचा.

मीही काही संत नाही. कॉलेजात असताना कॅनॉलच्या रस्त्यावर शंभराची नोट सापडली होती, तिची भजी खाल्ली आम्ही चौघांनी. सुटी नोट, मोकळा रस्ता, कोणाला विचारणार? पण रबर लावलेली गड्डी ही सुटी नोट नसते. ती कोणीतरी मोजून, कशासाठी तरी बांधलेली असते.

लोक मुळात वाईट नाहीत हेही खरं. २०१९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात एक अभ्यास आला होता. ४० देशांतल्या ३५५ शहरांत सतरा हजारांवर पाकिटं "सापडली" म्हणून बँका, हॉटेलं, पोलीस चौक्या अशा ठिकाणी देऊन बघितली. आपला देशही त्यात होता. बहुतेक सगळीकडे रिकाम्यापेक्षा पैसे असलेली पाकिटं जास्त परत आली. तीन देशांत रक्कम आणखी वाढवून बघितली, तर परत येण्याचं प्रमाणही वाढलं. त्याच देशांत काही पाकिटांतून किल्ली काढून घेतली, तर ती कमी परत आली. किल्ली पाकीट सापडणाऱ्याच्या काही कामाची नाही, हरवणाऱ्याचं मात्र तिच्यावाचून अडतं. किल्ली बघितली की समोर माणूस दिसतो. आपल्याकडे किल्लीच्या जागी गुलाबी कागद होता, आणि तोच फेकला गेला.

"पोलिसांत कोण जाणार, दिवसभर बसवून ठेवतील, वर आपल्यालाच उलट विचारतील." ही भीती खोटी नाही. मीही त्या बाकड्यावर बसलोय. पण एकट्यानं जाऊ नका. दोन साक्षीदार घ्या, त्यांच्यासमोर मोजा, कागदावर रक्कम, जागा, वेळ लिहून सह्या घ्या, ठाण्यात नोंद करून पोच मागा. पुढं कायद्यात मॅजिस्ट्रेटनं जाहीर नोटीस काढायची, सहा महिने दावेदाराची वाट बघायची, कोणी आलंच नाही तर पैसे सरकारकडे, अशी वाट आहे. वेळखाऊ आहे, पण तिच्यात मालकाला जागा आहे. दानपेटीत ती कुठाय?

आणि ग्रुपवर टाकायचंच असेल तर आकडा सांगू नका हो, फोटोही नको. "स्टँडजवळ पैसे सापडलेत, किती, कशात बांधले होते, सोबत काय होतं ते सांगून घेऊन जा." एवढं पुरे. आकडा टाकला की पंधरा मालक उभे राहतात. परवा एक जण म्हणाला, आता रोख कोण बाळगतो. बरं, चुकून तुमच्या खात्यात कोणाचे ऑनलाइन पैसे आले तर? तेही तुमचे नाहीतच. फक्त आधी खात्यावर पैसे खरंच आलेत का बघा, नुसत्या मेसेजवर कोणाला पाठवू नका, आणि परतीचं काम बँकेमार्फत करा.

राहता राहिला ट्रस्ट. मी मंगळवारी गेलो होतो. उत्तर मिळालं, "एकदा वाहिलेलं परत काढता येत नाही, आणि पेटीत कुठली नोट कोणाची हे कसं ओळखणार?" ओळखायला गृहस्थ स्वतः आहेत, वरच्या दोन-तीन नोटांचे नंबर फोटोत दिसतायत, दिवाणजींची वही आहे. पेटी महिनाअखेरीला पंचांसमोर उघडतात, म्हणजे अजून उघडलेली नाही. धर्मादाय कार्यालयाचं पत्र लागत असेल तर अर्ज मी लिहून ठेवलाय. गृहस्थांशी काल परत बोललो. सुरुवातीला चिडले, मग पुतण्याची गोष्ट ऐकून गप्प झाले. जबाब लिहून देतो म्हणाले. इथं लिहितोय ते त्यांना वाचून दाखवूनच.

सोमवारी सकाळी अकराला ट्रस्टच्या ऑफिसात जातोय. मावशी, पुतण्या, दिवाणजी येणार आहेत. भांडायला नाही, अर्ज द्यायला. त्या पोस्टखाली ज्यांनी ज्यांनी हात जोडले होते, त्यांनी जमलं तर अर्जावर सही करायला या.