खिडकीची सीट दादीला द्या

विमानात खिडकीची सीट मागणं म्हणजे पोरकटपणा, असं आपल्याकडे मोठ्या माणसांना वाटतं. मग ती सीट घरातल्या पोराला मिळते. पोरगा विमान उडायच्या आत मोबाइलवर गेम लावतो, आणि सत्तर वर्षांत पहिल्यांदा विमानात बसलेली त्याची दादी तसबीह घेऊन समोरच्या सीटची पाठ बघत बसते. मला हे पटत नाही. पोराला अजून पन्नास वेळा विमानात बसायचं आहे. दादीचं तसं नाही.

आपल्या भागातल्या बहुतेकांचा पहिला विमानप्रवास हजचा नाहीतर उमऱ्याचा, नागपूर किंवा मुंबईहून. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची सेवा सुरू झाली आणि आपलाच मुलूख वरून पाहायची सोय झाली. हे विमान एटीआर ७२ जातीचं, पंख्यांचं. पंख्यांचं म्हणून नाक मुरडणारे आहेत, पण बघणाऱ्यासाठी हेच चांगलं. मोठ्या जेटपेक्षा ते हळू आणि कमी उंचीवरून जातं, आणि त्याचे पंख खिडक्यांच्या वर असतात, त्यामुळे खालची जमीन झाकली जात नाही. फक्त इंजिनाच्या शेजारच्या रांगा टाळा. तिथे आवाजही जास्त आणि समोर इंजिनच दिसतं. मागच्या रांगा बऱ्या. चढायचं दारही मागेच असतं, म्हाताऱ्या माणसाला चालणं कमी.

आता बाजू. मुंबईहून येताना डावी खिडकी घ्या, म्हणजे ‘ए’ अक्षराची. विमान पूर्वेकडे येतं, डावीकडे उत्तर. आधी सह्याद्रीचे पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर, मग वऱ्हाडात आल्यावर पूर्णेचं सपाट काळं खोरं, आणि हवा स्वच्छ असेल तर त्याच्या पलीकडे गाविलगडाच्या रांगेची निळी भिंत. सातपुडा तो. आपली धारणी त्या भिंतीच्या मागे, ती दिसत नाही. मुंबईला जाताना हेच सगळं उजवीकडे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून उत्तरेच्या खिडकीत ऊनही डोळ्यांवर येत नाही. पावसाळ्यात ढगच ढग आणि मे महिन्यात धुरळा. खरी मजा ऑक्टोबर-नोव्हेंबरची.

वर्गात मी नकाशावर बोट ठेवून सांगतो की पूर्णा पश्चिमेकडे वाहते आणि तापीला मिळते. मुलं पाठ करतात. तीच नदी वरून वळणं घेत जाताना एकदा पाहिली तर पाठ करावी लागणार नाही. धूळघाटला मीटरगेजची गाडी डोंगरात गोल वळसा घेऊन स्वतःच्याच रुळांवरून पुढे जायची, तेव्हा डब्यातली सगळी माणसं खिडकीशी जमायची. त्यांना कुणी पोरकट म्हटलं नाही.

पैशांचं म्हणाल, तर जेटमध्ये खिडकीसाठी जादा पैसे मागतात आणि न देणाऱ्याला बहुधा मधली सीट मिळते. एटीआरमध्ये दोन-दोनच सीटा, मधली सीटच नाही. दोघं शेजारी बसलात की एक खिडकी तुमचीच. जेटमध्ये पैसे मोजणारच असाल तर पंखाच्या पुढची रांग घ्या. पंखावरची खिडकी घेऊन पत्रा बघण्यात अर्थ नाही.

आमच्याकडे एसटीत बाईमाणसाला खिडकीशी बसवतात ते परद्यासाठी, नजाऱ्यासाठी नाही. चालेल, कारण कोणतंही असो.

जिद्दाच्या प्रवासात मात्र माझा सल्ला उलटा आहे. तो पाच-सहा तासांचा, बराचसा समुद्रावरून आणि अनेकदा रात्रीचा. वुजूसाठी, पाय मोकळे करायला सारखं उठावं लागतं. तिथे दादीला वाटेकडची सीट द्या आणि खिडकीशी पोराला बसवा.

बेलोऱ्याला उतरल्यावर धारणीपर्यंत परतवाडा, सेमाडोह, हरिसालचा घाटरस्ता बाकी असतोच. त्या एसटीत कुठल्या बाजूला बसायचं, हे दादीच तुम्हाला सांगेल.