पोडाचा इतिहास कोण लिहिणार?

यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी या तालुक्यांत जंगलाच्या अंगाला कोलाम समाजाच्या छोट्या वस्त्या आहेत. त्यांना पोड म्हणतात. पोड मूळ गावापासून वेगळे असते. त्याची चावडी वेगळी, नाईक वेगळा आणि भाषाही वेगळी. कोलामी ही द्रविड कुळातील भाषा आहे. पण पोड केव्हा वसले, कोणी वसवले, हे सरकारी दप्तरात शोधायला गेले तर बहुधा हाती काहीच लागत नाही.

हे आपोआप घडले काय? इंग्रजी अमलात जंगल सरकारी झाले आणि फिरती शेती करणारा कोलाम स्वतःच्याच रानात अतिक्रमणदार ठरला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत पैनगंगेपलीकडच्या आदिलाबादचे कोलाम आंध्रात गेले, अलीकडचे मुंबई राज्यात आले. समाज एक, दप्तरे दोन! पुढे शासनाने कातकरी आणि माडिया गोंडांसोबत कोलामांनाही आदिम जमात ठरवले. शिक्का मिळाला, इतिहास मात्र मिळाला नाही.

गावाबाहेर कोण राहतो आणि का राहतो, हा इतिहासाचा प्रश्न आहे, हे बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या उगमावरील ग्रंथात दाखवून दिले. गावकुसाबाहेरचे जिणे भोगलेल्या आपल्या समाजाला पोडाचे दुखणे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आज हा प्रश्न केवळ अस्मितेचा नाही, हक्काचाही आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिम जमातींच्या पारंपरिक अधिवासाचा हक्क मान्य केला. या कायद्याच्या नियमांनुसार वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदन हा पुरावा ठरतो. जुनी दफनभूमी, देवराई, पवित्र झाडे हेही पुरावे ठरतात. म्हणजे पोडातील म्हाताऱ्याची आठवण ही नुसती गोष्ट नाही, तो दस्तऐवज आहे. तो लिहून घेण्याआधीच म्हातारा गेला, तर पुरावाही त्याच्यासोबत जातो.

म्हणून चळवळीतील शिक्षक, वकील, विद्यार्थी यांनी पोडांवर गेले पाहिजे. मात्र उद्धारकर्ते म्हणून नव्हे. इतिहास कोलाम तरुण-तरुणींनीच लिहावा, आपल्या भाषेत सांगावा. आपण कायदा समजावून द्यावा, दावा भरायला मदत करावी, आणि ग्रामसभेत तो मांडला जाईल तेव्हा त्यांच्या पाठीशी उभे राहावे. आपला इतिहास दुसऱ्याने लिहिला की काय होते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे?