मोनार्क फुलपाखरू आणि रस्त्याची कड

उत्तर अमेरिकेतील मोनार्क फुलपाखरासाठी महामार्गांच्या दुतर्फा मिल्कवीड व रानफुले लावण्याचे कार्य अलीकडे बरेच वाढले आहे. हे कार्य स्तुत्य आहे यात संशय नाही. परंतु बी पेरले की कर्तव्य पुरे झाले, अशी जी समजूत त्याबरोबर रूढ होत आहे, ती मात्र घातक होय.

मिल्कवीड ही रुईच्या कुळातील चिकाळ वनस्पती असून मोनार्कची अळी तिच्यावाचून अन्य कशावरही जगत नाही. वसंतात मेक्सिकोतून निघालेली फुलपाखरे टेक्सासमध्ये अंडी घालतात. पुढील पिढ्या उत्तरेकडे सरकत जातात आणि शेवटची पिढी हजारो किलोमीटर उडून मेक्सिकोतील डोंगरी वनांत हिवाळा काढते. १९९६-९७ च्या हिवाळ्यात त्यांनी सुमारे १८ हेक्टर वन व्यापले होते. २०१३-१४ मध्ये ते क्षेत्र ०.६७ हेक्टरवर आले. २०२४-२५ मध्ये ते १.७९ हेक्टर होते.

या ऱ्हासास वृक्षतोड व हवामान हीही कारणे आहेत. तथापि शेतकी खात्याच्या वाचकांस विशेष विचार करावयास लावणारे कारण शेतातलेच आहे. मका व सोयाबीनच्या प्रदेशात मिल्कवीड हे तण. त्याची मुळे खोल असल्याने ते कोळपणीस दाद देत नसे. १९९६ पासून ग्लायफोसेट सहन करणारे सोयाबीन व त्यामागोमाग तसाच मका आला, उभ्या पिकात फवारणी शक्य झाली आणि मिल्कवीड शेतांतून जवळजवळ नाहीसे झाले. याबद्दल शेतकऱ्यास दोष देणे न्याय्य नव्हे; तण राखून कोणाचे पोट भरत नाही. उरली ती रस्त्याची कड.

टेक्सासपासून मिनेसोटापर्यंत जाणारा ३५ क्रमांकाचा महामार्ग मोनार्कच्या वाटेवरच आहे. २०१६ मध्ये त्यावरील सहा राज्यांनी या कामी सहकार्याचा करार केला. परंतु अंड्यापासून फुलपाखरू होण्यास सुमारे एक महिना लागतो. त्या महिन्यात गवत कापण्याचे यंत्र फिरले, तर अंडी, अळ्या व कोष सर्वच नष्ट होतात. मग पेरलेले बी मोनार्कला बोलावून मारण्याचेच साधन ठरेल! आयोवात १५ जुलैपूर्वी रस्त्याकडेची कापणी काही अपवाद वगळता कायद्याने निषिद्ध आहे. हे योग्यच, मात्र उत्तरेत ऑगस्टातही अळ्या असतात. वाहनचालकास दृष्टी मोकळी मिळावी म्हणून डांबरालगतचा पट्टा अवश्य कापावा. उरलेली कापणी शरद ऋतूत फुलपाखरे निघून गेल्यावर करावी. अशा कडा गबाळ्या दिसतात, ही तक्रार फारशी मनावर घेण्याजोगी नाही. शेजारच्या शेतात तण पसरण्याची भीती मात्र खरी आहे. मिल्कवीडचे बी म्हातारीसारखे उडते. म्हणून लागवडीपूर्वी लगतच्या शेतकऱ्याशी बोलणे, आणि उपद्रवी तणांवर सरसकट नव्हे तर जागच्या जागी फवारणी करणे, हे खर्चाचे असले तरी टाळता येणार नाही.

लागवडीची जातही स्थानिक हवी. महाराष्ट्रातील बागांत हळदीकुंकू म्हणून परिचित असलेले झुडूप मिल्कवीडच्याच वर्गातले. परंतु दक्षिण टेक्साससारख्या उबदार भागात ते हिवाळ्यातही वाळत नाही, आणि त्याच्या पानांवर मोनार्कच्या एका परोपजीवी रोगाचे बीजाणू साचत राहतात. तेथे ते मुळीच लावू नये. आधीच लावलेले असल्यास शरद ऋतूत जमिनीलगत छाटावे.