राजांच्या बागा आणि धावणाऱ्यांची वाट

पोलीस शिपाई भरतीच्या शारीरिक चाचणीला ५० गुण आहेत आणि त्यांतील २० गुण एकट्या लांब धावेला आहेत. पुरुष उमेदवारांना १६०० मीटर, महिला उमेदवारांना ८०० मीटर. सैन्यभरतीतही १६०० मीटरच धावावे लागतात. पाच-साडेपाच मिनिटांचा हा खेळ. परंतु ज्या प्रदेशात शेती बव्हंशी कोरडवाहू आहे, कारखानदारी नाममात्र आहे आणि पदवीधर झालेल्या मुलासमोर शिक्षकी वा कारकुनीची जागा निघण्याची वाट पाहण्याखेरीज फारसा पर्याय नाही, तेथे या पाच मिनिटांवर एका कुटुंबाचे पुढील तीस वर्षांचे अर्थकारण अवलंबून असते. उमरी, भोकर, अहमदपूर, उदगीर या तालुक्यांच्या गावी पहाटेच्या अंधारात धावणारी मुले हौसेने धावत नाहीत, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

ही मुले धावतात कोठे? डांबरी रस्त्यावर. बीडजवळ घोडका राजुरी फाट्यावर १९ जानेवारी २०२५ च्या पहाटे भरतीचा सराव करणारी तरुण मुले बसखाली सापडली आणि तिघांचा जीव गेला. चार दिवस हळहळ झाली, चालकाच्या चुकीची चर्चा झाली आणि विषय मिटला. पण पहाटे सहाच्या अंधारात महामार्गाच्या कडेला मुले का होती, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. त्याचे पहिले उत्तर मातीत आहे. मराठवाड्याची काळी जमीन पावसाळ्यात पायाला किलो-किलोने चिकटते, आणि चैत्र लागला की तिला घोटा मुरगळेल एवढ्या भेगा पडतात. गाडीवाटेवर धावणे वर्षातून जेमतेम चार महिने शक्य होते. उरलेले आठ महिने रस्ता. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा सूर्य उगवण्यापूर्वीच सराव आटोपावा लागतो, म्हणजे अंधार आलाच. सावलीची वाट असती तर हीच मुले तासाभराने उशिरा, उजेडात धावली असती.

सावली मात्र या प्रदेशात दुर्मीळ. लातूर जिल्ह्यात वनाच्छादन एक टक्क्याच्या आतच आहे. नांदेडला किनवट-माहूरच्या सागवानी रानामुळे थोडी अब्रू राखता येते, पण ते रान उमरीपासून फार दूर. अशा प्रदेशात जुनी झाडे टिकली ती बहुधा भिंतींच्या आत. कोणा सुभेदाराची बाग, कोणा जहागीरदाराची आमराई, गढीच्या मागचा चिंचांचा पट्टा, मठाची इनामी जमीन, निजामाच्या अंमलातील डाक बंगल्याचे आवार. राजेरजवाड्यांनी आणि सरदारांनी या बागा स्वतःच्या सुखासाठी घातल्या, त्यासाठी लागणारे पाणी आणि श्रम रयतेचे होते, आणि आज त्यांतील बहुतेकांवर एखाद्या सरकारी खात्याची पाटी आहे. १९४९ साली हैदराबाद संस्थानातील जहागिऱ्या संपल्या, पुढे १९५४ च्या कायद्याने इनामेही गेली. मालक बदलला. फाटकावरचे कुलूप पुष्कळ ठिकाणी तेच राहिले.

छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेची, हिमायत बाग हे या संदर्भात सर्वांत बोलके उदाहरण. दिल्ली दरवाजाजवळची ही मोगलकालीन बाग पुढे निजामाकडे आली आणि आता परभणीच्या कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र तेथे आहे. नागपुरातील भोसल्यांची महाराजबाग अशीच अकोल्याच्या कृषी विद्यापीठाकडे गेली. राजाची बाग कृषी विद्यापीठाच्या हाती जाणे हा तसा सुखद योग. नगररचनाकाराच्या किंवा इमारती बांधणाऱ्यांच्या हाती गेली असती तर आज आंब्याच्या जागी सदनिका मोजाव्या लागल्या असत्या. नागरिक सकाळी तेथे फिरावयास येतात आणि संशोधन केंद्रेही चालतात. दोहोंत कुरबुर होत राहते, पण सहजीवन अशक्य नाही, एवढे त्यातून सिद्ध होते.

मराठवाड्यातील माणसाला हैदराबाद परके नाही. उमरीतून जाणारा लोहमार्गही निजामाबादमार्गे त्याच दिशेने जातो. तेथे जुबिली हिल्सवर निजामाचे नातू मुकर्रम जाह यांच्या चिरान पॅलेसची विस्तीर्ण जागा होती. १९९८ साली तिचे राष्ट्रीय उद्यान झाले, कासू ब्रह्मानंद रेड्डी यांचे नाव तिला मिळाले, आणि आज शहराच्या ऐन मध्यावर मोर, साळिंदर आणि खडकाळ झुडपांच्या सोबतीने हजारो लोक तेथे रोज चालतात, धावतात. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी तर सार्वजनिक उपयोगासाठीच १८७९ साली विश्वामित्रीच्या काठी बाग घातली. राजा शहाणा असला की पुढच्या पिढ्यांचे पुष्कळ अर्ज-विनंत्यांचे काम वाचते.

पुण्यातील गणेशखिंडीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरासाठी १८६० च्या दशकात तेथे निवासस्थान बांधावयास घेतले. स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली, तेथे पुणे विद्यापीठ आले. सुमारे ४११ एकरांचा हा वृक्षराजीने भरलेला परिसर आसपासच्या वस्त्यांचे फुप्फुसच होऊन बसला. २०२१ साली विद्यापीठाने सकाळी फिरावयास येणाऱ्यांसाठी सशुल्क सदस्यत्वाची योजना जाहीर केली आणि तिच्यावर टीकेची झोड उठली. टीकाकारांचा सूर असा होता की हवेला भाव लावला जात आहे. विद्यापीठाची बाजूही अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. सफाई, पहारा, झाडांची निगा यांना पैसा लागतो, आणि तो विद्यार्थ्यांच्या शुल्कातून का यावा, हा प्रश्न रास्तच आहे.

अर्थशास्त्राच्या प्राथमिक विचाराने हा वाद बराचसा सुटतो. रिकाम्या वाटेवर आणखी एक माणूस धावला म्हणून बागेचा खर्च वाढत नाही; गर्दी इतकी झाली की एकाच्या धावण्याने दुसऱ्याला अडथळा होऊ लागतो, तेव्हाच तो वाढतो. गर्दीपूर्वी शुल्क लावणे म्हणजे ज्याला दुसरी सोय आहे त्याला आत घेणे आणि ज्याला नाही त्याला रस्त्यावर परत पाठविणे. निवृत्त अधिकारी महिन्याचे सदस्यत्व घेईल आणि विसरून जाईल. भाड्याच्या खोलीत राहून भरतीची तयारी करणारा उमरीचा मुलगा तेवढ्या पैशांत चार दिवसांचे दूध घेईल, आणि धावावयास महामार्गावर जाईल. देखभालीचा खर्च खराच आहे; तो जिल्हा नियोजनाच्या वा क्रीडा खात्याच्या तरतुदीतून बागेच्या मालक-संस्थेला रीतसर मिळावा. तालुका क्रीडा संकुलांवर शासन खर्च करतेच. त्याच्या एका लहान अंशात सावलीतील कच्ची वाट वर्षभर राखता येईल.

इंग्लंडचा अनुभव येथे उपयोगी पडतो. आठव्या हेन्रीने शिकारीसाठी राखलेल्या लंडनच्या बुशी पार्कमध्ये २ ऑक्टोबर २००४ रोजी तेरा जण पाच किलोमीटर धावले, घड्याळ लावले, घरी गेले. दर शनिवारी चालणारा तो विनामूल्य उपक्रम आता वीसहून अधिक देशांत पोहोचला आहे आणि तो स्वयंसेवकांवर चालतो. २०१६ साली स्टोक गिफर्ड या गावाच्या स्थानिक मंडळाने आपल्या उद्यानातील अशा धावेकडून देखभालीसाठी पैसे मागितले, तेव्हा आयोजकांनी पैसे देण्याऐवजी तेथील धावच बंद केली. त्यातून मंडळाला पैसाही मिळाला नाही आणि गावाला धावही उरली नाही.

त्याहून जुनी कथा रिचमंड पार्कची. पहिल्या चार्ल्स राजाने १६३७ साली शेतजमिनी आणि गावराने आत घेऊन या उद्यानाला भिंत घातली. पुढे राजकन्या अमेलिया हिने सामान्यांची ये-जा बंद केली. तेव्हा जॉन लुईस नावाच्या एका बिअर बनविणाऱ्याने फिर्याद केली आणि १७५८ साली ती जिंकली. न्यायालयाने विचारले, दार हवे की भिंतीवरून जाणारी शिडी? त्याने शिडी मागितली. दाराला पुन्हा कुलूप लागू शकते. शिडी बसविणाऱ्यांनी पायऱ्यांतील अंतर मुद्दाम मोठे ठेवले, तर तो पुन्हा न्यायालयात गेला आणि म्हाताऱ्या बायकांनाही चढता येईल अशा पायऱ्या करवून घेतल्या. अधिकार आणि मेहेरबानी यांतला फरक या माणसाला पक्का कळला होता. आपल्याकडे बाग उघडी असते ती साहेब चांगले आहेत म्हणून. साहेबांची बदली झाली की फाटकावर नवी पाटी लागते. म्हणून वेळ, वाट आणि अटी लेखी असाव्यात, आणि त्या बदलावयाच्या तर महिनाभर आधी जाहीर कराव्यात, एवढी मागणी करणे अतिरेकी नव्हे.

फाटके उघडण्यास बागांच्या रक्षकांचा जो विरोध असतो तो केवळ आडमुठेपणाचा आहे, असेही मानू नये. संशोधनाच्या आंब्याचा एक मोहोर झडला, एका कलमाची खूणचिठ्ठी कोणी तोडली, तर अनेक वर्षांची नोंद वाया जाते. फिरावयास येणारे पिशव्या टाकतात, फळे तोडतात, कुत्री आणतात. शेकडो पायांनी माती दाबली गेली की जुन्या झाडांच्या वरच्या मुळांना हवा आणि पाणी मिळेनासे होते. झाड त्याच वर्षी मरत नाही, दहा वर्षांत हळूहळू शेंड्यापासून वाळते, आणि तोवर दोष कोणाचा हे कोणालाच आठवत नाही. म्हणून वाट एकच असावी, तिच्यावरच धावावे, आणि ती शक्य तो बागेच्या कडेने, बांधालगत जावी.

खरा धोका मात्र धावणाऱ्यांपेक्षा त्यांच्या नावाने येणाऱ्या कंत्राटाचा आहे. बाग लोकांसाठी खुली करावयाची असे ठरले की प्रथम फरशीचे ठोकळे येतात, मग रंगीत कारंजे, मग व्यायामाची लोखंडी यंत्रे, शेवटी एक भव्य कमान आणि तिच्यावर नावे. ठोकळ्यांसाठी मुळे तोडून खोदाई होते, पावसाचे पाणी मुरत नाही, आणि गंमत अशी की ज्याच्या नावाने हे झाले त्या धावणाऱ्याचे गुडघे सिमेंटवर आणखी लवकर दुखू लागतात. केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या स्मारकांभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास कायद्याने मनाई आहे. तिच्याविषयी नगरपालिकांची नेहमी तक्रार असते. झाडांना मत देता आले असते तर त्यांनी ती मनाई आणखी शंभर मीटर वाढवून मागितली असती.

धावावयास लागतो मुरूम. खणावयाचे नाही, पालापाचोळा झाडून, जमिनीवरच बोट-दोन बोटे मुरमाचा थर पसरावयाचा, पाणी मारून हलका रोलर फिरवावयाचा, दोन्ही कडांना पाणी जाण्यास उतार ठेवावयाचा. दोन माणसे शेजारी धावतील एवढी रुंदी पुरे. दरसाल पावसाळ्यानंतर एकदा डागडुजी. ही विद्या गावच्या कोणत्याही मुकादमाला येते. रोजगार हमीची कामे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या मराठवाड्याला ती कोणी शिकविण्याची गरज नाही.

उमरीला मोगल बाग नाही. राजवाडाही नाही. इतिहासात या गावाचे नाव राहिले ते १९४८ च्या जानेवारीत मुक्तिसंग्रामातील सैनिकांनी येथील बँकेवर घातलेल्या धाडीमुळे. परंतु तालुक्यात एखादी जुनी आमराई, एखाद्या देवस्थानाचे झाडीचे आवार, एखादा पाझर तलाव आणि त्याच्या बांधावरची बाभळी-लिंबांची रांग शोधली तर सापडेल. तलाठ्याच्या दप्तरात ती कोणत्या खात्याच्या नावावर आहे हे पाहावयास अर्धा दिवस लागतो. कंधारला किल्ल्याचा आणि राष्ट्रकूटकालीन तलावाचा परिसर आहे, उदगीर आणि औसा येथे किल्ले आहेत. बुरुजांवरून धावण्याची सूचना कोणी करणार नाही, करूही नये. बाहेरच्या मोकळ्या जमिनीचा आणि तलावाकाठच्या वाटांचा विचार मात्र करता येतो.

मुलींच्या दृष्टीने तर हा विचार तातडीचा आहे. पोलीस भरतीत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत, पण पहाटे पाच वाजता रस्त्यावर एकटी धावण्याची मुभा देणारे घर तालुक्याच्या गावी क्वचितच आढळते, आणि त्या घरांना दोष देण्यात अर्थ नाही. भिंत, फाटक आणि एक पहारेकरी एवढी सोय झाली तर अनेक वडील आपण होऊन मुलीला सायकलवरून तेथवर सोडावयास येतील. ज्या भिंती एके काळी रयतेला बाहेर ठेवण्यासाठी बांधल्या गेल्या, त्यांचा उपयोग आता असाही होऊ शकतो.

याच जमिनीने अविनाश साबळे दिला. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचा हा मुलगा शाळेसाठी रोज मैलोन्‌मैल चालला-धावला, पुढे सैन्यात गेला, आणि तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२ साली बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य व २०२३ साली हांगचौला आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आला. त्याचे सत्कार झाले, ते योग्यच झाले. पण दहा हजारांतील एक मुलगा पदक आणतो. उरलेल्यांना भरतीत उतरावयाचे असते आणि त्यापूर्वी धडधाकट राहावयाचे असते. भरतीची जाहिरात निघाली की या मुलांचा सराव दुप्पट होतो आणि रस्त्यावरची गर्दीही. नगरपरिषदा, कृषी विद्यापीठ, देवस्थानांचे विश्वस्त आणि पुरातत्त्व खाते यांनी पुढील जाहिरातीपूर्वी आपापल्या ताब्यातील जागांची यादी जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावी, पहाटे पाच ते आठ या वेळेसाठी कोणती फाटके उघडता येतील ते लेखी कळवावे, आणि जी उघडता येत नाहीत त्यांची कारणेही त्याच कागदावर लिहावीत.