काळोख कुणाचा, शांतता कुणाची?

'श्वास' या चित्रपटाला २००४ साली सुवर्णकमळ जाहीर झाले, तेव्हा 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी हा मान मराठीकडे परत आला म्हणून महाराष्ट्राने आनंद केला, आणि तो रास्तच होता. सिंधुदुर्गाचा त्या आनंदात दुहेरी वाटा होता. कथेतले गाव कोकणातले, आणि चित्रीकरणही याच जिल्ह्यात झालेले. आपली झाडी, आपले पाणी, आपल्या पायवाटा पडद्यावर एवढ्या निगुतीने मांडलेल्या पाहण्याची सवय मालवणी मुलखाला तोवर नव्हती. आज वीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, तो आनंद कायम ठेवूनही, एक प्रश्न विचारणे आवश्यक वाटते. अंधत्वावरचा चित्रपट कुणाच्या डोळ्यांनी घेतला जातो, आणि तो कुणाला पाहता येतो?

कथा बहुतेकांना ठाऊक आहे. परशा नावाच्या लहान मुलाच्या डोळ्यांत कर्करोग निघतो. जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागतील असे पुण्याचे डॉक्टर सांगतात. शस्त्रक्रिया लांबते, आणि आजोबा नातवाला घेऊन रुग्णालयातून निघून जातात. दृष्टी जाण्यापूर्वी जग एकदा डोळे भरून पाहून घे, एवढ्यासाठी. दिग्दर्शक संदीप सावंत यांचा हा पहिलाच चित्रपट. अरुण नलावडे आणि अश्विन चितळे यांच्या अभिनयाविषयी नव्याने काही सांगावे असे उरलेले नाही. कोंदट रुग्णालय आणि मोकळे, हिरवे कोकण यांची आलटून पालटून केलेली गुंफण हे या चित्रपटाचे मुख्य साधन आहे. जे जाणार आहे त्याची किंमत प्रेक्षकाला कळावी, म्हणून ते त्याच्या डोळ्यांपुढे वारंवार आणले जाते.

साधन परिणामकारक आहे, यात शंका नाही. पण त्याचा रोख नीट पाहावा. कॅमेरा येथे आजोबांच्या बाजूला उभा आहे. ज्याला दिसते, आणि ज्याला समोरच्याचे दिसणे जाणार या कल्पनेने घेरले आहे, त्याची व्यथा हा चित्रपट सांगतो. ती खरी व्यथा आहे. परंतु ती अंधत्वाची नव्हे, अंधत्वाच्या भीतीची आहे. शेवटी काळा चष्मा लावलेला परशा होडीने गावी परततो, काठावर माणसे वाट पाहत असतात, आणि चित्रपट संपतो. सिंधुदुर्गातल्या अंध मुलाचे आयुष्य नेमके तेथून सुरू होते. होडीतून उतरल्यावर त्याचा पाय वाळूत पडेल की चिखलात, गावच्या शाळेत त्याला ब्रेल शिकवणारे कोणी असेल काय, एस. टी.च्या थांब्यावर कोणती गाडी लागली हे त्याला कोण सांगेल, हा दुसरा चित्रपट अजून कोणी काढलेला नाही. 'श्वास'वर याचा ठपका ठेवण्याचे कारण नाही. त्याने आपली मर्यादा प्रामाणिकपणे सांभाळली आहे. ठपका आहे तो त्या मर्यादेलाच पूर्ण सत्य समजणाऱ्या आमच्या अभिरुचीवर.

चित्रपटाच्या तंत्राने बहिरेपण आणि अंधत्व दाखवायचे दोन सोपे मार्ग शोधून ठेवले आहेत. अंध माणूस म्हणजे पडदा काळा करा, बहिरा माणूस म्हणजे ध्वनिपट्टी बंद करा. वस्तुतः दोन्ही खोटे आहेत. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात अंधत्वाची जी व्याख्या आहे तीत मुळीच न दिसणारा माणूस येतो, तसाच चष्मा लावूनही अधिक चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० हून कमी असलेला माणूसही येतो. म्हणजे निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून जे दिसते ते पाहण्यास ज्याला तीन मीटरच्याही आत जावे लागते, तो. ज्याची नजर नळीतून पाहावे तशी आक्रसली आहे, तोही त्यात येतो. अनेकांना उजेड कळतो, हालचाल कळते, उन्हातले माणूस कळते आणि सावलीतले हरवते. काळा पडदा ही डोळे मिटून बसलेल्या डोळस माणसाची कल्पना आहे. त्याचप्रमाणे जन्मतः बधिर असलेल्याला 'शांतता' ठाऊक असते असे म्हणणे व्यर्थ होय. ज्याने आवाज ऐकला आहे, त्यालाच शांततेचा अर्थ कळतो.

वाढत्या वयाने किंवा कामाच्या ठिकाणच्या गोंगाटाने येणाऱ्या बहिरेपणाची गोष्ट आणखी निराळी आहे. त्यात आवाज नुसता लहान होत नाही. आधी वरच्या पट्टीचे ध्वनी जातात; स, श, त, क ही व्यंजने पुसट होतात आणि स्वर मागे राहतात. कोणीतरी बोलते आहे हे कळते, काय बोलते ते कळत नाही. यांत्रिक नौकेच्या इंजिनाशेजारी उमेदीची वर्षे काढलेल्या खलाशाला बंदरावरच्या मासळीच्या लिलावात उभे करून पाहा. 'आठ' आणि 'साठ' या दोन शब्दांत फरक आहे तो एका 'स'चा, आणि त्याच्या कानाला तोच ऐकू येत नाही. समोरच्याने आवाज चढवला तर 'आ' तेवढा मोठा होतो. मग माणसे म्हणतात, म्हातारा ऐकून न ऐकल्यासारखे करतो. त्याची ही अवस्था पडद्यावर मांडायची तर ध्वनियंत्राचे बटण खाली करून भागणार नाही. ध्वनीतले नेमके काय गाळले जाते याचा अभ्यास करावा लागेल. अमेरिकेत २०१९ साली निघालेल्या 'साउंड ऑफ मेटल' या चित्रपटात श्रवणशक्ती गमावणाऱ्या ढोलवादकासाठी तो अभ्यास झाला आहे. आवाज तेथे कोंदतो, फाटतो, आणि कानात यंत्र बसवल्यावर पत्र्यासारखा कर्कश होऊन परत येतो. त्या ध्वनिकामाला ऑस्कर मिळाले. आमच्याकडे इंजिनाशेजारच्या खलाशासाठी असे श्रम कोणी घेतल्याचे दिसत नाही. ढोलवादकाचे बहिरेपण ही शोकांतिका ठरते, खलाशाचे बहिरेपण हे त्याच्या धंद्याचे नशीब मानले जाते. वर्गभेद असा कानातही शिरतो.

हिंदीत या विषयाची दखल घेतलेले दोन चित्रपट आजही आदराने आठवावेत असे आहेत. गुलजारांच्या 'कोशिश'मध्ये (१९७२) ध्वनी बंद केलेला नाही, उलट तो प्रेक्षकाच्या अंगावर सोडला आहे. बधिर जोडप्याचे तान्हे मूल उघड्या दारातून पावसात रांगत जाते आणि रडते. ते आपल्याला ऐकू येते, आईबापांना येत नाही. ऐकू येणे हेच तेथे प्रेक्षकाला ओझे होऊन बसते. पुढे दुसरे मूल खुळखुळ्याला दाद देत नाही म्हणून ते दोघे हादरतात, आणि मग उमगते की खुळखुळ्यात आवाज करणारे दाणेच नव्हते. दोष मुलाच्या कानात नव्हता, वस्तूत होता. अपंगत्वाविषयीची अर्धी समाजशास्त्रीय चर्चा त्या एका खेळण्यात आली आहे, असे आमचे मत आहे.

दुसरा चित्रपट सई परांजपे यांचा 'स्पर्श' (१९८०). अंधशाळेचा मुख्याध्यापक अनिरुद्ध परमार (नसीरुद्दीन शाह) हा कविताला प्रथम ओळखतो तो तिच्या गाण्यावरून. बाईंनी काळा पडदा किंवा धूसर भिंगे यांचा आधार घेतला नाही. दिल्लीच्या अंधशाळेत चित्रीकरण केले, तेथलीच मुले घेतली, आणि कॅमेरा हातांवर, बोलण्याच्या दिशेवर, माणसामाणसांतल्या अंतरावर ठेवला. नायकाला राग येतो तो न मागता पुढे केलेल्या मदतीचा. अंधत्वाचा अनुभव डोळ्यांच्या आत नसून दोन माणसांच्या मध्ये असतो, हे तंत्राच्या साध्या निवडीतून त्यांनी दाखवले. त्यापुढे संजय लीला भन्साळी यांचा 'ब्लॅक' (२००५) आम्हांला वैभवशाली पण परका वाटतो. त्यातले अंधत्व फारच देखणे आहे. त्यांच्याच 'खामोशी'त (१९९६) तेरेखोलपलीकडच्या गोव्यात राहणारे बधिर आईबाप आणि गाणारी मुलगी आहे. नाना पाटेकर आणि सीमा बिस्वास यांनी हातांनी केलेले बोलणे त्यात मनापासूनचे आहे. पण चित्रपटाचा व्यापारी डोलारा उभा आहे तो गाण्यांवर, म्हणजे ज्यांची कथा आहे त्यांना वगळूनच!

येथे मूळ प्रश्न येतो. बधिर माणूस चित्रपटगृहातून पहिल्यापासून बाहेर नव्हता. मूकपटाच्या काळात तो इतरांच्या बरोबरीने बसत असे. पाट्या सर्वांसाठीच होत्या. १९३१ साली 'आलम आरा' आला, १९३२ साली 'अयोध्येचा राजा'ने मराठी बोलपट सुरू झाला, आणि ज्या दिवशी पडदा बोलू लागला त्या दिवशी बधिर प्रेक्षक मुकाट्याने वजा झाला. त्याची नोंद चित्रपटाच्या इतिहासात कोणी केली नाही. क्यूबात जन्मलेला बधिर मूकपट-नट एमर्सन रोमेरो याने १९४७ साली बोलपटांची फीत कापून तीत पुन्हा पाट्या बसवल्या. तंत्र तेव्हाही अवघड नव्हते. २०१४ सालच्या 'द ट्राइब' या युक्रेनी चित्रपटाने तर हिशेब उलटा केला. संवाद सगळे खुणांच्या भाषेत, आणि तळाशी भाषांतर नाही. ऐकणारा प्रेक्षक दोन तास बहिरा होऊन बसतो.

व्ही. शांताराम यांच्या डोळ्यांना 'दो आँखें बारह हाथ'च्या वेळी बैलाशी झुंजताना इजा झाली, डोळ्यांवर पट्टी बसली, आणि त्या अंधारात आपल्याला रंग दिसू लागले असे सांगून त्यांनी १९५९ साली 'नवरंग' काढला. फाळक्यांचीही दृष्टी चित्रपट पाहण्याच्या अट्टाहासात काही काळ गेली होती. म्हणजे या धंद्याच्या दोन थोर पुरुषांनी काळोख अनुभवला आहे. तरी ज्यांचा काळोख कायमचा आहे त्यांना खुर्ची देण्याचे या धंद्याला कधी सुचले नाही.

आणि हे लोक मूठभर नाहीत. २०११ च्या जनगणनेत दृष्टीचे अपंगत्व असलेले सुमारे ५० लाख आणि श्रवणाचे सुमारे ५० लाख नोंदले गेले. २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी त्यांना 'दिव्यांग' हा शब्द सुचवला. शब्द तत्परतेने सर्व फलकांवर चढला, फलकांखालचा उंबरठा होता तेवढाच राहिला. २०१६ च्या कायद्याने दृश्य-श्राव्य माध्यमांत ध्वनिवर्णन, खुणांची भाषा आणि लिखित संवाद यांची तरतूद सांगितली. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाची चित्रपटगृहांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे मात्र निघाली ती मार्च २०२४ मध्ये, आणि त्यांतही मोठी मुदत. मधल्या काळात, २०२३ साली, 'पठाण'च्या निर्मात्यांना घरबसल्या पाहण्याच्या आवृत्तीत ध्वनिवर्णन घालावे म्हणून काही अपंग नागरिकांना दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपंगांच्या पडद्यावरील चित्रणाबाबत तत्त्वे घालून दिली आणि त्यांच्या सहभागाचा आग्रह धरला. न्यायालये पुढे आणि कलावंत मागे, असे हे विचित्र दृश्य आहे.

सिंधुदुर्गाला याची लाज अधिक वाटावी, कारण या जिल्ह्याच्या स्वतःच्या नाट्याने असा भेद केला नव्हता. जत्रेतल्या दशावतारात पात्र आले की आपण कोण, कोठून आलो, कशासाठी आलो हे स्वतःच्या तोंडाने सांगते. पेटी, मृदंग आणि झांज त्याची चाल कानावर घालतात. देवळाच्या आवारात बसलेल्या अंध म्हाताऱ्याला युद्ध कधी लागले ते शेजाऱ्याला विचारावे लागत नाही. बधिराला काळ्या वेषातला संकासुर, मुकुट, रंगवलेले चेहरे आणि पदन्यास पुरेसे बोलतात. ही कोणी केलेली दया नव्हे. एका पेट्रोमॅक्सच्या उजेडात, दूरवर बसलेल्या सगळ्या गावाला खेळ पोचला पाहिजे या गरजेतून ते तंत्र घडले, आणि गावात अंध, बधिर धरलेलेच होते.

आमची मागणी म्हणूनच माफक आहे. दर्जेदार मराठी चित्रपटांना राज्य शासन जनतेच्या पैशातून अनुदान देते. ज्या चित्रपटाला लिखित मराठी संवाद आणि ध्वनिवर्णन नाही, त्याला ते देऊ नये. एक लेखक, एक आवाज, ध्वनिमुद्रणाची एक खोली, एवढाच हा खर्च आहे. एका गाण्याच्या चित्रीकरणापुढे तो नगण्य ठरावा. आणि आरंभ 'श्वास'पासून व्हावा. त्याचे वर्णन मालवणी मुलखातल्या माणसाच्या आवाजात झाले पाहिजे. जन्मांध श्रोत्याला हिरवे कोकण कसे सांगायचे, ओल्या मातीच्या वासाने की पानांवरच्या पावसाच्या आवाजाने, आणि शेवटच्या होडीच्या प्रसंगी कोठे बोलायचे व कोठे गप्प राहायचे, हे पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत बसून ठरणार नाही. ते ठरवायला जिल्ह्यातल्या अंध स्त्रीपुरुषांना बोलवावे लागेल, आणि त्या कामाची मजुरी त्यांना कुशल कामगार म्हणून रोख मिळाली पाहिजे. शाल आणि श्रीफळ नव्हे.