कोरलं कुणी?

गेल्या वर्षी एका वाङ्मयीन मासिकाचा अंक हाती आला. मुखपृष्ठावर नांगरणाऱ्या शेतकऱ्याचं काळं-पांढरं चित्र होतं आणि आत छापलं होतं, ‘मुखपृष्ठ : वुडकट’. चित्र चांगलं होतं, पण ते वुडकट नव्हतं. बैलाच्या पाठीवर, मातीवर आणि आभाळात एकाच जाडीचे, एकाच कोनाचे ओरखडे होते. संपादकांना फोन केला, तर ते मोकळेपणानं म्हणाले, “अहो, संगणकावर केलंय. वुडकटसारखं दिसतंय ना, मग झालं!”

नाही झालं. मी स्वतः ठसे कोरतो, तेव्हा हा धंद्याचा रुसवा आहे असं कुणी म्हणेल. खुशाल म्हणावं.

वुडकट हा दिसण्याचा प्रकार नाही, करण्याचा आहे. फळीवर पटाशी चालवताना लाकडाची नस सांभाळावी लागते. नसेबरोबर गेलं तर पातं सटकतं, नसेला आडवं गेलं तर ढलपी उडते. वुड एन्ग्रेव्हिंगसाठी खोड आडवं कापून काढलेला घट्ट ठोकळा लागतो आणि पटाशीच्या जागी ब्युरिन येतं. ब्युरिन म्हणजे टोक तिरकं घासलेली बारीक पोलादी सळई. तिची लाकडी मूठ तळव्यात बसते. वळण घ्यायचं तर उजवा हात ब्युरिन पुढे रेटत राहतो आणि डावा हात वाळूच्या चामडी उशीवरचा ठोकळा फिरवतो. टोक खोल गेलं की रेष फुगते, वर आलं की निमुळती होते. हे सगळं उलटं कोरायचं, कारण कागदावर डावं उजवीकडे जातं. कोरलेलं परत भरून येत नाही. म्हणून तिथली प्रत्येक रेष हा एक निर्णय असतो. हरेन दास यांची बंगालच्या खेड्यांची चित्रं भिंगाखाली धरून पाहा. पाण्याची रेष वेगळी, गवताची वेगळी. त्या मुखपृष्ठावर निर्णय कुठे होता?

“संगणकही हत्यारच की,” असं उत्तर मिळतं. मान्य आहे. मग त्याचं नाव छापा! चित्तप्रसाद यांनी लिनोलियम कोरलं, त्याला आपण लिनोकटच म्हणतो. स्वस्त लिनोला लाकडाचं सोंग घ्यावं लागलं नाही. दगडावरून छापलेल्या पोथीला मराठीनं सरळ ‘शिळाछाप’ म्हटलं. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत पंचांग छापलं तेही शिळेवरच. कशावरून छापलं हे सांगण्याची आपल्या भाषेला कधी लाज वाटली नाही. ती आताच का वाटावी?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे : एकोणिसाव्या शतकातले बहुतेक कोरणारे तरी दुसऱ्याचीच चित्रं कोरत होते, त्यांचं एवढं कौतुक कशाला? पण गुस्ताव्ह दोरेची चित्रं नीट पाहा. एका कोपऱ्यात दोरेचं नाव असतं, तर अनेकदा दुसऱ्या कोपऱ्यात कोरणाऱ्याचं, पिसाँसारख्याचं. आपल्याकडे १८१६ साली कोलकात्यात सचित्र ‘अन्नदामंगल’ निघालं. त्यातल्या चित्रांवर रामचंद रायनं, हे आपण कोरलं, असं स्वतःच्या नावानिशी नोंदवून ठेवलं. चित्राचा कोपरा ही हातानं कमावलेली जागा होती. आज आपण त्या कोपऱ्यातून माणूस काढून टाकतो आणि त्याच्या कामाचं नाव तेवढं ठेवतो.

हे मी अनेक भाषांच्या या घरात मुद्दाम सांगतो आहे. इथे अनुवादकाचं नाव गाळलं तर आपण सगळे तुटून पडतो, आणि ते योग्यच आहे. दोरेच्या रेखाटनाला लाकडाच्या भाषेत नेणारा पिसाँ अनुवादकच होता. मग कुणीच अनुवाद केलेला नसताना मजकुरावर ‘अनुवादित’ असं छापलेलं आपल्याला चालेल का?

माझी मागणी फार मोठी नाही. काही कोरलं असेल तर कशावर, कशानं आणि कुणी, हे एका ओळीत छापा. कोरलं नसेल तर ‘वुडकट’ हा शब्द खाली ठेवा. तो शब्द कुणाच्या तरी तळव्यावरच्या घट्ट्यातून आला आहे.